परिपत्रक नको, पत्र हवे!

गुरुगृही राहून विद्या संपादन केलेल्या शिष्याला निरोप देताना आचार्याने काय सांगावे, याचा एक नमुना तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्लीने आपल्यापुढे ठेवला आहे. आजही भारतातील अनेक विद्यापीठांच्या पदवीदान समारंभात त्या उपदेशाचे पठण होते. सत्याने वागण्याचा व स्वाध्यायात खंड न पाडण्याचा आदेश त्यात आहेच. परंतु त्यातील खरोखर विलक्षण भाग निराळा आहे. आमच्या आचरणात जे चांगले असेल तेवढ्याचेच अनुकरण करा, इतराचे नव्हे, असे तो आचार्य शिष्यांना बजावतो. उपदेश करणारा उपदेशातच स्वतःला बांधून घेतो. आपल्या वागणुकीची परीक्षा करण्याचा अधिकार तो शिष्याच्या हाती देऊन मोकळा होतो. विद्यापीठाच्या प्रमुखाने आपल्या परिवाराशी कसे बोलावे, याचा याहून मोठा आदर्श शोधूनही सापडावयाचा नाही.

हे स्मरण करून देण्याचे प्रयोजन असे की, आजच्या आपल्या विद्यापीठांतून आणि विद्यार्थ्यांतून हा संवादच जवळजवळ लोपला आहे. कुलगुरूंच्या नावाने कागद पुष्कळ निघतात. प्रवेशाच्या तारखा, परीक्षेचे वेळापत्रक, शुल्कवाढ, सुट्टी, शिस्तभंगाचा इशारा, असे सारे काही परिपत्रकांतून कळते. त्याखाली बहुधा सही कुलसचिवांची असते आणि मजकुरात ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ हे ठरीव वाक्य असते. कळविणारा कोण आणि संबंधित कोण, हे त्या वाक्यात कोठेच दिसत नाही. परिपत्रकाला कर्ता नसतो. म्हणूनच त्याला उत्तरही देता येत नाही. पत्राचे तसे नाही. पत्राला लिहिणारा असतो, वाचणारा असतो आणि लिहिलेल्या शब्दाची जबाबदारीही असते. विद्यापीठांना आज परिपत्रकांची वाण नाही. वाण आहे ती पत्राची.

या पदाला मराठीने दिलेले नाव विचार करण्याजोगे आहे. प्राचीन व्याख्येप्रमाणे दहा सहस्र विद्यार्थ्यांना अन्न देऊन विद्या शिकविणारा तो कुलपती. आज ते नाव राज्यपालांकडे गेले आहे आणि प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्याला आपण कुलगुरू म्हणतो. इंग्रजी पदनामातील ‘उप’ हा दुय्यमपणा आपण टाकून दिला आणि त्या जागी रघुकुलातील वसिष्ठांची आठवण करून देणारा शब्द ठेवला. वसिष्ठांच्या हाती सैन्य नव्हते की कोश नव्हता. त्यांचे सामर्थ्य एवढेच की, त्यांचा शब्द राजालाही ऐकावा लागे. कुलगुरूचा अधिकार हा असा शब्दाचा अधिकार आहे. कायद्याने दिलेले अधिकार कायद्याने काढूनही घेता येतात. शब्दाने मिळविलेले अधिकार कोणा सचिवाला काढून घेता येत नाहीत. ते गमवायचे झाले तर ज्याचे त्यानेच गमवावे लागतात.

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात या शब्दाचे व्यासपीठ म्हणजे वार्षिक पदवीदान समारंभ. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे तेथील पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि त्यांच्या पाठोपाठ ते पद डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आले. भांडारकरांचा जन्म मालवणचा. पुढे त्याच आसनावर बसलेले सर नारायण गणेश चंदावरकर होन्नावरचे. आपल्या या किनारपट्टीने त्या विद्यापीठाला असे पुरुष दिले, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. परंतु पदवीदानाच्या भाषणाला एक अंगभूत मर्यादा आहे. ते वर्षातून एकदा होते आणि जे विद्यापीठ सोडून चालले त्यांच्यासमोर होते. जे आत आहेत, ज्यांची परीक्षा उद्या आहे, ज्यांचे वसतिगृहाचे प्रश्न आज आहेत, त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

गोव्यासाठी तर हे अंतर अधिकच मोठे होते. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले महाविद्यालय निघाले, ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न म्हणून. जवळजवळ दोन तपे गोमंतकीय विद्यार्थ्यांचा कुलगुरू शेकडो मैलांवर मुंबईत होता; त्याचे दर्शन घडे ते पदवीपत्रावरील सहीतून. १९८४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. प्रा. बी. शेख अली हे त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि ताळगावच्या पठारावर, झुआरीच्या मुखाकडे पाहणारे विद्यापीठाचे आवार उभे राहिले. कुलगुरू घरी आला. आता त्याचा शब्दही घरी यावयास हवा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

विद्यापीठप्रमुखाच्या शब्दाला किती वजन असू शकते, हे कलकत्त्याने शंभर वर्षांपूर्वी दाखविले. सर आशुतोष मुखर्जी १९०६ ते १९१४ आणि पुन्हा १९२१ ते १९२३ असे तेथे कुलगुरू होते. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद सांभाळून त्यांनी विद्यापीठाची धुरा वाहिली. केवळ परीक्षा घेणाऱ्या त्या संस्थेत त्यांनी १९१७ पासून पदव्युत्तर अध्यापनाचे भव्य दालन उघडले. तेथे चंद्रशेखर वेंकट रामन आले, सर्वपल्ली राधाकृष्णन आले आणि रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त रामकृष्ण भांडारकर प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक म्हणून १९१७ ते १९३६ पर्यंत राहिले. पण या वैभवामागे कर्ज होते. प्राध्यापकांचे वेतन देण्याचीही विवंचना होती. अशा वेळी, १९२२ मध्ये, बंगाल सरकारने अडीच लक्ष रुपयांचे अनुदान देऊ केले. सोबत अटींची यादी जोडली. विद्यापीठाच्या खर्चावर आणि विस्तारावर सरकारी अंकुश आणणाऱ्या त्या अटी होत्या.

आशुतोषांनी सिनेटपुढे उभे राहून सांगितले की, हे पैसे या अटींवर घेऊ नका. स्वातंत्र्य विकून अन्न मिळविण्यापेक्षा आपण बंगालच्या दारोदार जाऊन हात पसरू, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ होता. सिनेटने अनुदान नाकारले. पुढे मार्च १९२३ मध्ये गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी, सरकारशी जुळवून घेण्याची हमी दिल्यास आपणांस पुन्हा नेमू, अशा आशयाचे पत्र त्यांना धाडले. आशुतोषांनी उलट टपाली दिलेला नकार हा भारतीय विद्यापीठांच्या इतिहासातील एक मानाचा दस्तऐवज आहे. त्यांनी पद गमावले आणि पुढच्याच वर्षी, मे १९२४ मध्ये, त्यांचे निधन झाले. ज्या गव्हर्नरने अटी घातल्या त्याच्या कारकीर्दीची चर्चा आज कोणी करीत नाही. परंतु ज्याचे वेतन अडकले होते त्या प्राध्यापकालाही आपला कुलगुरू कोणत्या बाजूला उभा आहे हे त्या दिवशी कळले होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

इतिहासाची पुनरावृत्ती कशी होते पाहा. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापुढे तेथील केंद्र सरकारने मागण्यांची यादी ठेवली. विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या मतांची तपासणी, नेमणुकांवर देखरेख, कारभाराच्या रचनेत बदल अशा स्वरूपाच्या त्या मागण्या होत्या. १४ एप्रिल रोजी अध्यक्ष ॲलन गार्बर यांनी उत्तर दिले. विद्यापीठाच्या वकिलांनी सरकारला कळविले तसेच स्वतः गार्बर यांनी विद्यापीठ परिवाराला उद्देशून पत्र लिहिले. विद्यापीठ आपले स्वातंत्र्य सोडणार नाही, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले. ज्यू विद्यार्थ्यांच्या विरोधातील विद्वेषाचा प्रश्न आपल्या आवारात आहे आणि त्यावर आपल्यालाच काम करावयाचे आहे, हेही त्यांनी त्याच पत्रात टाळले नाही. काही तासांतच दोन अब्ज वीस कोटी डॉलरांची अनुदाने सरकारने गोठविली. विद्यापीठ न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बोस्टनच्या संघीय न्यायालयाने ही गोठवणूक बेकायदा ठरविली. त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठाने मात्र वीस कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड करणे पसंत केले होते.

हार्वर्डची गंगाजळी अब्जावधी डॉलरांची, त्याला बाणेदारपणा परवडतो, असे कोणी म्हणेल. म्हणूनच आम्ही आधी कलकत्त्याचा दाखला दिला. आशुतोषांच्या पेटीत गंगाजळी नव्हती, देणी होती. बाणेदारपणाचा संबंध शिलकीशी असता तर जगातील सारी श्रीमंत विद्यापीठे निर्भय आणि सारी गरीब विद्यापीठे लाचार झाली असती. तसे झालेले नाही.

तथापि येथे एक पथ्य सांगितले पाहिजे. विद्यापीठप्रमुखाने प्रत्येक जागतिक घटनेवर निवेदन काढीत सुटावे, असा याचा अर्थ नव्हे. ५ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे तीन नामांकित विद्यापीठांच्या अध्यक्षांची साक्ष झाली. आवारातील विद्वेषासंबंधी विचारलेल्या सरळ प्रश्नाला त्यांनी वकिली थाटाची उत्तरे दिली. ती उत्तरे कदाचित कायद्याच्या काट्यावर बरोबर असतील. पण ऐकणाऱ्याला त्यांत माणूस दिसला नाही. पेनसिल्व्हेनियाच्या अध्यक्षांना चार दिवसांत आणि हार्वर्डच्या तत्कालीन अध्यक्षांना महिनाभरात पद सोडावे लागले. हार्वर्डच्या बाबतीत वाङ्मयचौर्याच्या आरोपांचीही भर पडली होती. त्यातून धडा घेऊन मे २०२४ मध्ये हार्वर्डने ठरविले की, विद्यापीठाच्या मूळ कार्याशी संबंध नसलेल्या सार्वजनिक विषयांवर अधिकृत निवेदने काढावयाची नाहीत. हे धोरण आम्हांस समंजसपणाचे वाटते. जो सर्वच विषयांवर बोलतो त्याचे घरच्या विषयावरील बोलणेही कोणी गांभीर्याने घेत नाही. मौन पाळावे ते परक्या अंगणाबद्दल. आपल्या घराला आग लागली असता मौन पाळणे याला संयम म्हणत नाहीत.

शिवाय संकटकाळचा शब्द तेव्हाच फळतो, जेव्हा एरवीचा संवाद तुटलेला नसतो. राधाकृष्णन १९३९ पासून काशी हिंदु विद्यापीठाचे कुलगुरू होते. रविवारी गीतेवर त्यांची प्रवचने होत आणि विद्यार्थी ती ऐकावयास जमत. पुढे १९४२ च्या आंदोलनात विद्यापीठावर सरकारची वक्रदृष्टी वळली. ते आवार युद्धकालीन इस्पितळासाठी ताब्यात घेण्याचे संयुक्त प्रांताच्या गव्हर्नरांच्या मनात होते. राधाकृष्णन दिल्लीला धावले आणि व्हाइसरॉयकडे रदबदली करून त्यांनी ते अरिष्ट टाळले. विद्यार्थ्यांनी त्यांचे ऐकले, त्यामागे रविवार-रविवारचा तो सहवास होता. आठवड्याला भेटणारा गुरू संकटात ‘शांत राहा’ म्हणतो तेव्हा तो धीर वाटतो. वर्षभर न दिसलेला अधिकारी तेच शब्द उच्चारतो तेव्हा ती ताकीद वाटते.

आता आपल्या घरच्या अनुभवाकडे वळू. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिकांचा प्रश्न होता. तयारी अपुरी पडली आणि निकाल रखडले. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. त्यानंतर तारखांमागून तारखा जाहीर झाल्या आणि मोडल्या. परदेशी प्रवेश मिळालेले, नोकरीची पत्रे हाती असलेले, पदव्युत्तर वर्गाची वाट पाहणारे सहस्रावधी विद्यार्थी टांगणीला लागले. अखेर ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर केले. तंत्र फसू शकते, हे कोणताही सुजाण विद्यार्थी समजू शकतो. त्याला समजत नाही ते हे की, काम अमुक इतके झाले आहे, अमुक इतके राहिले आहे आणि खरी तारीख ही आहे, असे त्याला कोणी का सांगू नये? निकालाच्या विलंबाने वर्ष वाया जाते. खोट्या तारखेने मात्र विश्वास वाया जातो, आणि विश्वासाची पुरवणी परीक्षा नसते.

२०२० मध्ये महामारीच्या काळात याच प्रश्नाने देशव्यापी रूप घेतले. महाराष्ट्र शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरविले. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या सप्टेंबरअखेर घ्याव्यात असे फर्मावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्टच्या निकालाने स्पष्ट झाले की, परीक्षा लांबणीवर टाकता येईल. पण त्या न घेता पदवी देता येणार नाही. या साऱ्या रस्सीखेचीत विद्यार्थ्यांना भविष्य कळत होते ते दूरदर्शनच्या पडद्यावरून आणि मंत्र्यांच्या वक्तव्यांवरून. ज्यांच्या सहीची पदवी मिळावयाची त्या कुलगुरूंचे म्हणणे या कोलाहलात क्वचितच ऐकू आले. आयोग वर, शासन बाजूला आणि न्यायालय समोर, अशा कात्रीत ते सापडले होते हे खरे. पण ‘निर्णय माझ्या हाती नाही, तो झाला की प्रथम तुम्हांला सांगेन, तोवर अभ्यास असा चालू ठेवा’, एवढे लिहिण्यास कोणत्या कायद्याची आडकाठी होती?

या मौनाचे मोल सर्वांना सारखे द्यावे लागत नाही. शहरात, सुशिक्षित घरात राहणारा विद्यार्थी चार ठिकाणी चौकशी करतो, ओळखी काढतो, परिपत्रकाच्या दोन ओळींमधले वाचतो. साखळी, केपे किंवा पेडण्याच्या सरकारी महाविद्यालयात शिकणारी, घराण्यातील पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी मुलगी कोणाला विचारणार? नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी, श्रेयांक, वर्ष मध्येच सोडून पुन्हा येण्याची मुभा, असे मोठे फेरबदल आणले आहेत. तिसऱ्या वर्षानंतर थांबले तर काय मिळेल, चौथे वर्ष केले तर काय साधेल, हे तिच्या वडिलांना समजेल अशा भाषेत कोणी सांगितले आहे काय? जेथे विद्यापीठ बोलत नाही तेथे अफवा बोलते, आणि अफवेची पोच परिपत्रकापेक्षा नेहमीच लांबवर असते.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. कुलगुरूंनी आपल्या परिवाराला वर्षातून निदान चार वेळा स्वतःच्या सहीचे पत्र लिहावे. वर्ग सुरू होताना वर्षाचा संकल्प सांगावा. वर्षअखेरीस त्यातील किती पार पडले आणि किती राहिले याचा हिशेब द्यावा. शुल्क, अभ्यासक्रम वा परीक्षापद्धती बदलावयाची असेल तर निर्णयानंतर नव्हे, निर्णयाआधी कारणे सांगावीत. काही बिघडले तर ते वृत्तपत्रांतून फुटण्यापूर्वी विद्यार्थ्यांना कुलगुरूंकडून कळावे. आणि पत्र म्हटले की उत्तराची वाट हवी. २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी निवारण समित्या आणि लोकपाल नेमण्याचे नियम केले. त्या यंत्रणेकडे गेलेल्या गाऱ्हाण्यांचे पुढे काय झाले, हा त्या वार्षिक पत्रातील एक परिच्छेद असावयास काय हरकत आहे?

हे पत्र कोणत्या भाषेत असावे? गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद केली. त्या वेळचे वाद उकरून काढण्याचे येथे कारण नाही. विद्यार्थी घरी ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत त्याच्या गुरूने त्याच्याशी बोलावे, एवढी साधी ही गोष्ट आहे. शिकविण्याचे माध्यम इंग्रजी असले तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, अशी सूचना अनुदान आयोगानेच एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना केली. उत्तरपत्रिका स्थानिक भाषेत चालते तर कुलगुरूंचे पत्र का चालू नये? कोंकणी, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत ते निघाले तर कोणाचेच काही उणे होणार नाही. बेळगाव, इंदूर, बडोदे अशा बहुभाषी नगरांतील विद्यापीठांनाही हा विचार लागू आहे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. कुलगुरूंची नेमणूक वरून होते, पैसा वरून येतो. असा मनुष्य मनातले लिहील तर टिकेल काय? आक्षेप पोकळ नाही. परंतु आम्ही बंडाची अपेक्षा धरीत नाही. आशुतोषांसारखा प्रसंग शतकातून एखाद्याच्या वाट्याला येतो. निकाल केव्हा लागेल, शुल्क का वाढले, वसतिगृहाचे काम कोठे अडले, हे खरे सांगण्यासाठी हौतात्म्याची गरज नसते. आणि ज्याला या लहान गोष्टी खऱ्या सांगण्याची सवय लागलेली नाही, त्याला मोठ्या प्रसंगी एकाएकी वाचा फुटेल, हे संभवत नाही. विद्यार्थीही मोठ्या प्रसंगी त्याच्याच पाठीशी उभे राहतात, ज्याचा शब्द लहान प्रसंगी खरा ठरलेला असतो.

विद्यापीठाची प्रतिष्ठा मानांकनाच्या तक्त्यावरून मोजण्याचे हे दिवस आहेत. इमारती, शोधनिबंध, अध्यापकांची संख्या या साऱ्यांना त्यात गुण आहेत. आपल्या कुलगुरूने सांगितलेल्या तारखेवर विद्यार्थी विश्वास ठेवतो की नाही, याला मात्र कोणत्याच तक्त्यात रकाना नाही. तो रकाना विद्यार्थी आपल्या मनात भरीत असतो आणि पदवी घेऊन बाहेर पडल्यावर आयुष्यभर इतरांना सांगत असतो. नव्या वर्षाचे वर्ग सुरू होतील तेव्हा त्याच्या हाती वेळापत्रकाबरोबर कुलगुरूंच्या सहीचे एक पत्रही पडावे. ते दोन पानांचे असले तरी चालेल. त्यात अलंकार नसले तरी चालतील. त्यातील प्रत्येक वाक्य वर्षअखेरीस तपासून पाहता येईल असे असावे, म्हणजे पुरे.